चारशे हुकांत न बसलेली बाई

मंगळवारी दुपारी कोरे कुलूप काढतो.
ट्यूबलाइट तीनदा डोळे मिचकावते, मग धरते.
"तुम्हीच पुन्हा?" म्हणतो.
या महिन्यात वरच्या खोलीत
मी, आणि रस्ता चुकलेली एक शाळा.

बाहेर बेचाळीस.
सात रस्त्यापासून चालत आलो
ओला रुमाल डोक्यावर ठेवून.
इथं भिंतीवर एकोणीस चित्रं,
कुठल्याशा गिरणीच्या साहेबानं जाताना मागं सोडलेली.
फ्रान्स, हॉलंड, आणखी कुठलं कुठलं,
खडू, शाई, शिसं,
दीडशे वर्षांपूर्वीचे ढग
आणि त्यांच्याकडं पाठ करून चरणाऱ्या गाई.

आधी ओळखीच्यांना भेटून घेतो.
पाठमोरा बसलेला उघडा माणूस:
मणक्याची एकच रेघ, मानेपाशी दाबलेली,
खाली येता येता सैल सोडलेली.
डावा पाय काढलेलाच नाही.
वेळ संपली असेल,
किंवा बसून बसून त्याला थंडी वाजली असेल.
मग ती धुणं धुणारी.
तिचं कोपर तीनदा काढलंय, तिन्ही तशीच ठेवलीत.
आमच्या धंद्यात हे चालत नव्हतं.
एक कार्ड चुकलं
की तीच चूक दर हातावर परत उगवायची.

आणि अकरावं. तळ्याकाठचं झाड.

एकोणऐंशी साली मालकानं धाडलं होतं:
"मेरगू, जा, एखादं विलायती झाड उचलून आण."
तीन दुपारी इथंच फरशीवर मांडी घालून
आलेखाचे चौकोन भरत बसलो.
भरला चौकोन म्हणजे भोक, भोक म्हणजे धागा वर.
कोरा म्हणजे खाली.
सगळ्या झाडाचं असं हो-नाही केलं.
पानं जमली. पाणीसुद्धा जमलं.

बुंध्याशी एक बाई होती.
नखाएवढी. डोक्यावर काटक्यांची मोळी,
एक पाय पुढं.
चारशे हुकांत ती बसेना.
सहा चौकोनांत बाई केली तर ठिपका होतो,
आणि चादरीवरचा ठिपका म्हणजे डाग,
गिऱ्हाईक परत आणून आपटतं.
वगळली मी तिला.

झाड चाललं.
हिरव्यावर पिवळं, मरूनवर पांढरं, तीन हंगाम.
पार विजापूरपर्यंत लोक
ते झाड अंगावर ओढून झोपले,
तापानं फणफणले, भांडून कूस बदलली.
एक अजून घरी आहे, स्कूटरवर टाकतो.
विटलीय. बुंध्यापाशी सपाट जागा,
नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

माग भंगारात गेले.
कार्डं बंबात घातली, छान जळायची.
हे तिला सांगायला आलो असं नाही.
बघायला आलो, नुसतं.
तेव्हा बघितलंच नव्हतं,
मोजलं होतं.

चष्मा कपाळावर सरकवून
काचेला नाक लागेल इतका जवळ जातो.
तिला तोंड नाही. चार फटकारे, संपलं.
पण मोळी जड आहे हे कळतं.
कशावरून?
मानेची रेघ मध्येच तुटलीय, केसभर,
आणि त्या कोऱ्या फटीत
सगळं ओझं उतरलंय.

ऊनही कुठं काढलेलं नाही.
सोडलंय. कागद दिसू दिलाय
तिच्या खांद्यावर, पाण्यावर, वाटेच्या एका कडेला.
तिकडं म्हणे असलं ऊन मोजकेच दिवस पडतं,
म्हणून इतकं जपून सोडलं असेल.
आमच्याकडं रस्ताभर सांडतं,
कुणी उचलत नाही.

कोरे किल्ल्या वाजवतो.
आज पाचव्या दिवशी नळाला पाणी यायचंय,
त्याला घर गाठायचंय.
"राहिलंय का अजून काही बघायचं?"

काचेवर माझ्या नाकाचा घामट ठसा,
नेमका तळ्यावर.
रुमालानं पुसतो. रुमाल ओलाच,
काच आणखी धूसर होते,
तळ्यावर भल्या पहाटेसारखं काहीतरी पसरतं,
बाई त्यात दिसेनाशी.

"थांब," म्हणतो,
"एवढं सुकू दे."